दिंडीत फिट आली तर कोणी काय करायचं

आमच्या दिंडीत औषधांची पेटी माझ्याकडे असते. गावात माझं मेडिकल आहे म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं, आणि वारीत मेडिकलवाली म्हटलं की पायाचे फोड, गुडघे, जुलाब, ॲसिडिटी हेच दिवसभर चालतं, त्यात डोकं लावायला फार काही नसतं. डोकं लावावं लागतं ते फिटला. फिट आली की आजूबाजूची सगळी माणसं एकदम डॉक्टर होतात, कोणी कांदा आणतो, कोणी चप्पल नाकाला लावतो, कोणी किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबतो, कोणी चमचा घेऊन दात उघडायला बसतो, आणि १०८ ला फोन मात्र कोणीच लावलेला नसतो कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने लावला असेल. म्हणून आता आळंदीहून निघायच्या आधीच्या बैठकीत मी महाराजांकडून पंधरा मिनिटं मागून घेते आणि कामं वाटून देते. तेच इथे लिहितेय, दुसऱ्या दिंड्यांनाही उपयोगी पडेल म्हणून.

आधी एक सांगते, वारीत फिट का येते. ज्याला आधीपासून त्रास आहे त्याच्यासाठी वारी म्हणजे सगळी कारणं एकाच जागी. पहाटे तीनला उठून आंघोळीची रांग, रात्री कीर्तन, मधे राहुटीत दाटीवाटीने झोप, म्हणजे झोपेची वाट. ऊन, घाम, पाणी कमी. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गोळी चुकणं. ही गोळी कशी चुकते ते वारी न केलेल्याला कळणार नाही. सामान ट्रकमध्ये असतं, ट्रक वेगळ्या वेळी निघतो, कधीकधी वेगळ्या रस्त्याने जातो, आणि माणूस चालत असतो. सकाळची गोळी बॅगेत राहिली की ती थेट संध्याकाळी मुक्कामाला भेटणार, ते पण ट्रक वेळेत पोचला तर. त्यात पुणे ते सासवड हा टप्पा, दिवे घाटाचा, सगळ्यात लांब, तीस किलोमीटरच्या वर, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी योगिनी एकादशी येते. म्हणजे सगळ्यात जास्त चाल, सगळ्यात कमी खाणं, आणि वर काही माउली उपवास आहे म्हणून गोळीच घेत नाहीत. दुसरे काही रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून घेत नाहीत. मी महाराजांनाच सांगते की तुम्ही कीर्तनात बोला, गोळीने उपवास मोडत नाही म्हणून, कारण माझं ऐकणार नाहीत पण त्यांचं ऐकतात. आणि ऐकलं लोकांनी, खरंच.

आता दुसरा प्रकार, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही असा धडधाकट माणूस पुण्याच्या मुक्कामाला आडवा होतो, हातपाय झटकतो, तोंडाला फेस. घरचे म्हणतात ऊन लागलं. बाजूला घेऊन विचारलं की हळूच कळतं, रोज संध्याकाळी घ्यायचे, वारीला निघताना माळेची शपथ घेऊन एकदम बंद केली. रोजची दारू एकदम तोडली की शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. आळंदीहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी पालखी पुण्यात, हिशोब बरोबर जुळतो. माणसाने चांगलं काम केलेलं असतं हो, पण ते डॉक्टरला विचारून, निघायच्या काही आठवडे आधी करायला हवं होतं. अशा फिटला हॉस्पिटल लागतंच, ती थांबली म्हणून राहुटीत झोपवून चालत नाही, परत येऊ शकते आणि मागून भ्रम पण होतो. आणि हे १०८ च्या डॉक्टरला सांगायचं, अगदी स्पष्ट. बायकोसमोर नको वाटत असेल तर बाजूला घेऊन सांगा पण सांगा.

तर कामं. मी चार माणसं ठरवते, आणि ती चारही चालताना वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एक विण्याजवळ, एक तुळशीवाल्या बायकांमधे, एक मागे, आणि एक मी. जो जवळ असेल तो पहिला. पहिल्याने फक्त माणसाकडे बघायचं. एका कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येते, घशात जात नाही. डोक्याखाली उपरणं. गळ्यातली टाळाची दोरी काढायची, हे मुद्दाम लिहितेय कारण फर्स्ट एडच्या पुस्तकात कुठे सापडणार नाही, टाळकऱ्याच्या गळ्यात दोरीला पितळेचे दोन जड टाळ असतात आणि झटक्यात तेच तोंडावर आपटतात. घट्ट माळ असेल तर ती पण सैल करायची, तोडायला लागली तरी तोडायची, माउली रागवत नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, तीर्थ पण नाही. जीभ चावली गेली तर ती बरी होते, तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर तो काढायला कुठे जाणार आपण वाल्ह्याच्या माळरानावर.

दुसऱ्याने घड्याळ बघायचं. बस एवढंच काम. ऐकायला फालतू वाटतं पण सगळे निर्णय त्याच्यावर आहेत. माणूस घाबरला की दोन मिनिटांची दहा करतो, आणि डॉक्टरचा पहिला प्रश्न किती वेळ हाच असतो. मोबाईलचं स्टॉपवॉच दाबा, नाहीतर निदान किती वाजले ते मोठ्याने बोला म्हणजे दोघातिघांच्या लक्षात राहतं. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या वर झटके चालू राहिले, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर ती इमर्जन्सी. एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली व्याख्याच तशी केली, पाच मिनिटांना उपचार सुरू व्हायला हवेत आणि तीस मिनिटांच्या पुढे मेंदूला कायमची इजा व्हायचा धोका. आणि जितका उशीर तितकं औषधाला दाद देणं कमी होतं, म्हणून पहिलं औषध लवकर मिळण्यासाठी सगळी धडपड.

तिसऱ्याने फोन. इथे माझा नियम पुस्तकापेक्षा वेगळा आहे. पुस्तक म्हणतं ओळखीचा पेशंट असेल तर पाच मिनिटं वाट बघा. मी म्हणते वारीत तीन मिनिटांनाच लावायला घ्या, आणि माणूस अनोळखी असेल, पहिलीच फिट असेल, पडताना डोकं आपटलं असेल, शुगरचा पेशंट असेल किंवा बाई गरोदर असेल तर पहिल्याच मिनिटाला. कारण लाखो माणसं एका रस्त्यावर असतात, टॉवर जाम, फोन पहिल्या झटक्यात लागेल याची खात्री नाही. लागतच नसेल तर बंदोबस्तातल्या पोलिसाकडे एक पोरगा पळवायचा, त्यांच्याकडे वायरलेस असतो आणि तो चालतो. पोरगा पळवताना त्याला काय बोलायचं ते पाठ करून पाठवा, नाहीतर तो जाऊन "तिकडे एक जण पडलाय" एवढंच सांगतो आणि पोलीस बिचारा कुठे बघणार.

फिट मधेच थांबली, माणूस शुद्धीवर येतोय, ओळखीचा आहे, जखम नाही, तर परत फोन करून सांगायचं, गाडी दुसऱ्याच्या उपयोगी पडते. हे कोणी करत नाही.

१०८ बद्दल थोडं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ ला ९३७ गाड्यांनी सुरू झाली, कंट्रोल रूम पुण्यात औंधला, पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या गाडीत डॉक्टर असतो, बऱ्याच राज्यांत फक्त टेक्निशियन असतो, तर हा आपला मोठा फायदा आहे. फोन उचलणारा माणूस औंधला बसलेला आहे, त्याला तुमची दिंडी दिसत नाही. "रथामागे अमुक नंबरची दिंडी" ही आपली भाषा, आपल्याला वाटतं यात सगळं आलं, पण रथ स्वतःच चालतोय ना! त्याला रस्ता, जवळचं गाव, तालुका, आणि न हलणारी खूण लागते, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, किलोमीटरचा दगड. मी चौथ्या माणसाला हेच काम दिलंय, दर अर्ध्या तासाने खूण लक्षात ठेवायची, आणि हे काम शाळेतल्या पोरांना फार आवडतं. दिंडी नंबर पण सांगायचा, पण शेवटी, म्हणजे गाडी जवळ आल्यावर शोधायला.

मग विचारायचं गाडी कुठल्या बाजूने येतेय. घाटात हा प्रश्न लाखमोलाचा, कारण सासवडकडून येणारी गाडी गर्दीच्या समोरून येणार आणि हडपसरकडची गर्दीच्या मागून, आणि त्याप्रमाणे पताका घेऊन दोन जण पुढे किंवा मागे पाठवायचे, रस्ता मोकळा करायला. वारकरी रस्ता देतात हो, "माउली माउली बाजूला" म्हटलं की नदी दुभंगावी तशी गर्दी फाटते, फक्त कोणीतरी पुढे ओरडत पळायला हवा. सायरन टाळ-मृदुंगात ऐकूच जात नाही. अलीकडे पालखी मार्गावर आरोग्य खात्याची पथकं, दवाखाने जागोजागी असतात, बाईक अँब्युलन्स पण दिसतात, आणि गर्दीत मोठ्या गाडीआधी बाईकवाला पोचतो. मुक्कामाला पोचल्यावर आपल्या राहुटीपासून सगळ्यात जवळचं पथक कुठे आहे ते पाय धुवायच्या आधी बघून यायचं, असा आमच्याकडे दंडक आहे. अंधार पडल्यावर तंबूंच्या गर्दीत काही सापडत नाही.

आणि बायका. तुळशीवाल्या मावशींना मी वेगळं काम देते. फिटमधे कपड्यात लघवी होते, बऱ्याच जणांना, त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला फिटपेक्षा त्याचीच लाज जास्त वाटते. तर मावशींनी पाठ करून गोल उभं राहायचं, पदर नाहीतर चादर धरायची, आणि मोबाईल घेऊन आलेल्यांना हाकलायचं. शूटिंग फक्त एकाने करायचं, अर्धा मिनिट, डॉक्टरला दाखवायला, कारण झटका एका बाजूने सुरू झाला का, डोळे कुठे वळले, हे बघून न्यूरॉलॉजिस्टला खूप कळतं. मग तो व्हिडिओ घरच्यांच्या फोनवर पाठवून स्वतःच्या फोनमधून उडवायचा. ग्रुपवर टाकला तर माझ्याशी गाठ आहे.

जेजुरीचा विषय वेगळा. तिथे भजनात, भंडाऱ्यात कोणी पडला की निम्मे लोक हात जोडतात, अंगात आलं म्हणून. मी वाद घालत नाही. वाद घालत बसलं की तीन मिनिटं जातात. "माउली, भंडारा नंतर लावू, आधी कुशीवर करून घेऊ" असं म्हटलं की कोणी अडवत नाही. देवाला कुशीवर झोपलेल्या माणसाबद्दल काही तक्रार असल्याचं मी तरी ऐकलं नाही.

गाडी आली की पुढची दोन मिनिटं फार महत्त्वाची आणि तिथेच सगळा घोळ होतो. सगळे एकदम बोलतात. बोलणार फक्त घड्याळवाला आणि नातेवाईक, दोघंच. कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, किती वेळा आलं, मधे शुद्ध आली का, कुठल्या गोळ्या चालू, शेवटची गोळी कधी घेतली, दारू, शुगर, डोक्याला मार. माझ्याकडे शुगरचं मशीन असतं, एक थेंब रक्त आणि आकडा सांगायचा, कारण उपाशी चालणाऱ्या शुगरच्या पेशंटची साखर खाली जाऊन पण असेच झटके येतात आणि त्याचं औषध ग्लुकोज आहे, सलाईनमधून, बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरेचं पाणी ओतून नाही. लोकांना एक प्रश्न पडतो की चालत्या गाडीत, झटके चालू असताना शीर सापडणार कशी. तर शीर लागतेच असं नाही. २०१२ साली अमेरिकेत अँब्युलन्समधल्याच पेशंटवर मोठा अभ्यास झाला, एका गटाला स्नायूत मिडाझोलॅमचं इंजेक्शन आणि दुसऱ्याला शिरेतून लोराझेपॅम (दोन्ही फिट थांबवायची औषधं), हॉस्पिटलला पोचेपर्यंत फिट थांबलेले पहिल्या गटात ७३ टक्के आणि दुसऱ्यात ६३. म्हणजे शीर शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा मांडीत टोचलेलं परवडलं.

काही जणांना त्यांच्या डॉक्टरने मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे लिहून दिलेला असतो, पाच मिनिटांच्या वर गेली तर मारायचा. तो मी माझ्या पेटीतून देत नाही आणि देणारही नाही, तो ज्याचा त्याच्या नावाने, चिठ्ठीवर, किती फवारे ते वजनावर ठरतं. पण ज्याच्याकडे आहे त्याने तो खांद्याच्या झोळीत ठेवायचा, ट्रकमधल्या बॅगेत नाही, आणि शेजारी चालणाऱ्या दोघांना तो कसा मारायचा ते आधी दाखवून ठेवायचं. नवीन बाटली पहिल्यांदा हवेत दोन-चार वेळा दाबावी लागते तेव्हा कुठे फवारा येतो, हे ऐनवेळी कळून काय उपयोग. स्प्रे मारला की श्वासावर लक्ष ठेवायचं, आणि १०८ ला बोलवायचंच.

कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं यावर नातेवाईक फार भांडतात. माझं मत, झटके चालू असताना जवळचं ते चांगलं. फलटण, अकलूज, पंढरपूरला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, जेजुरीला, नातेपुत्याला ग्रामीण रुग्णालय, तिथे आधी फिट थांबवू दे, मग स्कॅन आणि न्यूरॉलॉजिस्टसाठी पुण्याला, सोलापूरला कुठे न्यायचं ते शांतपणे ठरवा. फिट थांबलेली आहे आणि डोक्याला मार आहे अशा वेळी मात्र स्कॅनची सोय कुठे आहे ते गाडीतल्या डॉक्टरला विचारून घ्या. सोबत एकच माणूस जाणार, त्याच्याकडे आधार कार्ड, फोन, चार्जर आणि थोडे रोख पैसे. आमच्याकडे हा माणूस पण आधीच ठरलेला असतो, कारण हॉस्पिटलला जायला कोणी तयार असतं पण पालखी सोडून दोन दिवस तिथे बसायला सहजासहजी कोणी तयार होत नाही.

आणि प्रत्येक फिटला हॉस्पिटल लागत नाही हे पण तितकंच खरं. जुना पेशंट, नेहमीसारखी दोन मिनिटांची फिट, नंतर हळूहळू शुद्धीवर, तर कुशीवर झोपू द्या. तो उठून भलतंच बोलेल, चिडेल, कधी उठून चालायलाच लागेल, त्या गर्दीत असा माणूस हरवला की सापडणं मुश्कील, म्हणून एकाने शेजारी बसून राहायचं, मागून मिठी मारून धरायचं नाही, नुसतं नाव घेत बोलत राहायचं. पूर्ण भानावर आल्याशिवाय चहा-पाणी नाही. त्या दिवशी त्याने पुढे चालायचं नाही, गाडीत बसून मुक्कामाला, आणि गाडीत म्हणजे आत, ट्रकच्या टपावर सामानाच्या वर नाही. नीरेला आणि चंद्रभागेला बुडी मारायची नाही, काठावर बसून तांब्याने अंगावर घ्यायचं, सोबत कोणीतरी. पाण्यात फिट आली तर गुडघाभर पाणी पण पुरतं.

हे सगळं करायचं तर कोणाला त्रास आहे ते माहीत पाहिजे, आणि तिथेच गाडी अडते. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर आई मला बाजूला घेऊन कानात सांगते, "ताई, यादीत लिहू नका". अगं, हिंदू विवाह कायद्यातून फिटचा उल्लेख १९९९ ला काढून टाकला, तरी गावातल्या बोलण्यातून तो निघायचाय. नीट औषध घेतलं तर शंभरातले सत्तरेक लोक फिटशिवाय जगू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पुण्यात यशोदा वाकणकरांनी संवेदना म्हणून सपोर्ट ग्रुप सुरू केला तिथे तर या विषयावर खुलेपणाने बोलतात, पण दिंडीच्या बैठकीत सगळ्यांसमोर कोण हात वर करणार. म्हणून मी "फिट कोणाला येते" असं विचारतच नाही. सगळ्यांना एकच चिठ्ठी, नाव, रोजच्या गोळ्या, घरचा फोन, आणि ती दुमडून ओळखपत्राच्या मागे प्लास्टिकमधे. बीपीवाले पण लिहितात, शुगरवाले पण, कोणाला काही कळत नाही. मला गोळीचं नाव वाचून कळतं, तेवढं पुरे.

त्या चिठ्ठीचा अजून एक उपयोग. वाटेत फुकट शिबिरं खूप असतात, गुडघे दुखले की लोक जातात आणि मिळेल ती गोळी घेतात. फिटच्या पेशंटने तिथे आधी चिठ्ठी दाखवायची. दुखण्याच्या गोळ्यांमधलं ट्रामाडॉल, आणि जुलाबाला सर्रास मिळणारी ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं फिट यायला मदत करतात. शिबिरातला डॉक्टर चांगला असतो पण समोर दोनशेची रांग असते, त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार. उलटी होऊन गोळी बाहेर पडली तर ते पण सांगा, परत घ्यायची का नाही ते मनाने ठरवू नका.

गोळ्या किती दिवसांच्या घ्यायच्या तर वारीच्या वीस दिवसांच्या नाही, महिन्याच्या. अर्ध्या खांद्याच्या झोळीत, अर्ध्या दुसऱ्या कोणाकडे, पट्टीवरचं नाव दिसेल अशा. आषाढीला पंढरपुरात मेडिकलमधे गर्दी इतकी की तुमची नेमकी कंपनीची गोळी मिळेलच असं नाही, आणि फिटच्या गोळीत कंपनी बदलायची तर डॉक्टरला फोन करूनच. शिवाय एकादशीचा जागर झाला की लोक त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी एसटीला लटकतात, झोप नाही, गोळी संपलेली, आणि परतीच्या एसटीत शेजारी दिंडीतलं कोणीच नसतं. म्हणून यंदापासून परतीचे पेशंट एकट्याने पाठवायचे नाहीत असं ठरलंय, कोण कोणासोबत बसणार ती यादी वाखरीच्या मुक्कामाला करायची, आणि कंडक्टरला चढतानाच चिठ्ठी दाखवायची.